समोरच्यानं हात सोडलाच नाही तर?

माझं मिरजेत फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. गेल्या महिन्यात गुडघ्याच्या व्यायामासाठी येणाऱ्या एका बाईंनी टेबलावर आडव्या असतानाच विचारलं, "मॅडम, तुम्ही ज्युदो खेळता म्हणे. माझ्या मुलीला कराटेला घालू का तायक्वांदोला?" मुलगी आठवीत आहे, संध्याकाळी शिकवणीहून सायकलवर एकटीच येते. दोन क्लासची पत्रकं बाईंच्या पर्समध्येच होती; एकाची फी महिना सहाशे, दुसऱ्याची आठशे. मी त्यातल्या एकावर बोट ठेवीन, असं त्यांना वाटलं होतं. मला ते जमलं नाही. पत्रकांवर खेळाचं नाव होतं, सरांच्या काळ्या पट्ट्याच्या डिग्र्या होत्या, पदकं घेतलेल्या मुलांचे फोटो होते. त्या मुलीसमोर खराखुरा जोर लावून कुणी उभं राहणार आहे का, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला विचाराल तर क्लास निवडताना पहिल्यांदा तेवढंच पाहायचं असतं.

हे मला एका संध्याकाळी कळलं. आठ वर्षांपूर्वी, मी एकोणचाळीस वर्षांची असताना, महिला दिनाच्या निमित्तानं एका मंगल कार्यालयात स्वसंरक्षणाचं शिबिर होतं. तीन तास, सव्वाशे बायका, शेवटी प्रमाणपत्र. कुणी मनगट धरलं तर कसं सुटायचं ते शिकवलं. धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला पिळा द्यायचा, कारण पकडीतली सगळ्यात कच्ची जागा तीच. मला ते लगेच पटलं. हाताची रचना हा माझा रोजचा विषय आहे. अंगठा एकीकडे, चार बोटं दुसरीकडे, फट तिथेच. माझ्या शेजारी एका बँकेत काम करणाऱ्या ताई होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं, मी पिळा दिला, सुटलं. मग मी त्यांचं धरलं, त्या सुटल्या. आम्ही दहा-दहा वेळा सुटलो आणि टाळ्या वाजवल्या.

घरी भाचा आलेला होता. तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, कॉलेजकडून कबड्डी खेळायचा. मी म्हटलं, धर माझा हात. त्यानं धरला. मी पिळा दिला, काही झालं नाही. पुन्हा दिला. तो नुसता एक पाऊल मागे सरला आणि मी त्याच्याबरोबर ओढली गेले, स्वयंपाकघराच्या दारातून थेट सोफ्यापर्यंत. पोराचा चेहरा काळजीनं उतरला. "आत्या, सोडू का?"

त्या रात्री मला झोप आली नाही, ती संतापानं. सव्वाशे बायका आपल्याला आता काहीतरी येतं असं समजून घरी गेल्या होत्या. युक्ती खोटी नव्हती, आजही मी तीच शिकवते. सराव खोटा होता. दहाही वेळा समोरची बाई सोडायच्या तयारीतच होती, आणि सुटण्याचं श्रेय आम्ही आपल्या मनगटाला देत होतो.

पुढच्या दोन महिन्यांत मी सांगली-मिरज भागातले पाच क्लास पाहिले. नुसती चौकशी करून नव्हे, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन संध्याकाळी कडेला बसून. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये कराटेचा क्लास होता. तीस मुलं, तीन रांगा, हवेत ठोसे, हवेत लाथा, आणि काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. मुलांची शिस्त सुंदर होती, पाय छान उचलले जात होते. तीन संध्याकाळी मी तिथे बसले आणि तीन संध्याकाळी एकाही मुलानं दुसऱ्याला हात लावला नाही. दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, तिची वेगळी फी, आणि परीक्षेत कुणी नापास झाल्याचं पालकांपैकी कुणालाच आठवत नव्हतं.

कराटेला मी नावं ठेवत नाही. ओकिनावाची ती विद्या गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत नेली आणि तिथून ती जगभर गेली. त्याच कराटेतली क्योकुशिन ही शाखा अशी आहे की समोरासमोर अंगावर घेतलेले ठोसे हाच तिचा सराव. म्हणजे एकाच नावाच्या दोन पाट्यांमागे अगदी वेगळ्या गोष्टी चालू असू शकतात. तायक्वांदोचंही तसंच. २००० पासून तो ऑलिम्पिकचा पदकाचा खेळ आहे, आणि जिथे मुलं छातीला चिलखत बांधून रोज एकमेकांशी खेळतात तिथल्या मुलीला अंतराचा आणि वेळेचा जो अंदाज येतो तो हवेत लाथा मारून कधीच येणार नाही. "कोणता खेळ चांगला" या प्रश्नात आपण फार वेळ घालवतो. आपल्या गल्लीतला क्लास तो खेळ कसा शिकवतो, हे पाहायला मात्र कुणी तासभर बसत नाही.

मी ज्युदोवर थांबले ते योगायोगानं. एका शाळेच्या हॉलमध्ये निवृत्त क्रीडाशिक्षक शिकवत होते. पहिल्याच दिवशी पाहिलं की तासाचा शेवटचा अर्धा भाग सगळे जोड्या लावून खरोखर झुंजत होते. कुणी कुणाला ठरवून पाडून घेत नव्हतं. एक शेलाटी मुलगी तिच्याहून थोराड मुलाची बाही धरून होती आणि तो ती सोडवून घ्यायला अक्षरशः घामाघूम झाला होता. मी मनात म्हटलं, हेच हवंय.

घरी वडिलांना सांगितलं. दादा तरुणपणी तालमीत जायचे. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत ऑलिम्पिकचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा ते लहान होते. गोळेश्वरच्या त्या पैलवानाचं नाव आमच्या घरात देवाच्या बरोबरीनं घेतलं जायचं. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "रोज लढत कुणासंगं हाय?" मी पाहिलेल्या बाकीच्या क्लासबद्दल सांगितलं की तिथे लढत नसतेच, तेव्हा त्यांना ते समजेचना. "मग येतं का न्हाई, ते कळतं कसं?" आखाड्यात उतरलेल्या माणसाला हे विचारावंसं वाटतं, आणि आपण शहाणी माणसं पट्ट्याचा रंग विचारतो. तालमीत नवा पोरगा डाव शिकतो तो वस्तादाकडून, पण तो डाव त्याचा होतो तो रोज संध्याकाळी जोडीदारानं हाणून पाडल्यावर.

पुढे वाचताना मला कळलं की ज्युदोच्या जन्मामागे हाच विचार आहे. जिगोरो कानो या तरुण शिक्षकानं १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी नावाच्या मंदिरात नऊ शिष्य घेऊन कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्याआधीच्या जुजुत्सू या जपानी झुंजविद्येच्या अनेक घराण्यांत जीवघेणे डाव होते, आणि जीवघेणा डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीनं करता येत नाही. तो हळूच, ठरवून, समोरच्याच्या संमतीनं करावा लागतो. कानोंनी असे डाव सरावातून बाजूला काढले. जे उरले ते दोघांनी जीव तोडून, एकमेकांना विरोध करत खेळावेत असं ठरवलं; त्याला रांदोरी म्हणतात. वरवर पाहता त्यांनी विद्येतला दरारा कमी केला. प्रत्यक्षात शिकणाऱ्याच्या अंगात ती खरी उतरू लागली. "आमच्याकडे स्पर्धा नसते, कारण आमचे डाव फार घातक असतात" असं सांगणारा एक क्लास मीही पाहिला. तिथे डोळ्यांत बोटं घालायची, गळ्यावर वार करायचा, असं शिकवत होते, अर्थातच हवेत. ज्या गोष्टीचा सराव कधीच खऱ्या विरोधाविरुद्ध होणार नाही, ती घाबरलेल्या क्षणी हाताला आठवेल यावर माझा विश्वास नाही. स्नायूंना शिकवणं हा माझा व्यवसाय आहे. ते न केलेलं काही करत नाहीत.

पण समोरचा नुसता दांडगाईनं वागला, तर तो क्लास नव्हे, तो छळ झाला. म्हणून दुसरी गोष्ट पाहायची. ज्युदोत कुणी तुमचा हात उलटा धरला, किंवा खाली दाबून धरलं आणि तुम्हाला असह्य झालं, तर त्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थापटायचं. थापटलं की त्या क्षणी सोडायचं. का थापटलंस, आणखी थोडा दम काढायचा होतास, असलं काही बोलायचं नाही. आमच्या सरांनी एका जिल्हा पातळीच्या पदकवाल्या मुलाला पंधरा दिवस बाहेर बसवलं होतं, कारण त्यानं थापटल्यावर सोडायला क्षणभर उशीर केला. मला हे पाहून सरांबद्दल जो विश्वास वाटला तो त्यांच्या कुठल्याही प्रमाणपत्रानं वाटला नसता. समोरचा सहजी सोडणार नाही, आणि "थांब" म्हटलं की तत्क्षणी सोडेल. या दोन्ही गोष्टी एका छपराखाली आहेत का, ते बघा. वर्षभर अशा जागी वावरलेल्या मुलीला आपला "नको" कसा ऐकला जायला हवा ते अंगानं कळतं. मग तो कुठे ऐकला जात नाही, हेही तिच्या चटकन लक्षात येतं.

आणि सरांनी स्वतः मुलींना कसं हाताळलं तेही बघा. पकड दाखवायची असेल तर आमचे सर आधी विचारतात, "दाखवू का तुझ्यावर?" नाही म्हटलं तर दुसऱ्या मुलीवर दाखवतात. पालकांना बसू न देणारा, दार बंद करून घेणारा, एकट्या मुलीला जादा सरावाला थांबवून घेणारा क्लास कितीही नावाजलेला असो, मी तिथे कुणाचीही मुलगी पाठवणार नाही.

माझे पहिले सहा आठवडे फक्त पडण्यात गेले. हनुवटी छातीला टेकवायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल, आणि टेकताना तळवे खाली करून हातांनी मॅटवर थाप द्यायची. याला युकेमी म्हणतात. हे मला माझ्या धंद्यामुळे जास्तच भावलं. क्लिनिकमध्ये वर्षानुवर्षं मी मोडलेली मनगटं पाहते आहे. बाथरूममध्ये, अंगणातल्या शेवाळावर, एसटीच्या पायरीवर पाय सटकतो, माणूस हात पुढे टाकतो आणि सगळं वजन तळव्यावर येतं. मनगटाजवळचं हाड मोडतं. या बायकांवर कधी कुणी हल्ला केलेला नव्हता. पडणं मात्र सगळ्यांच्या आयुष्यात आलं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी स्कूटर घसरली, तेव्हा मी खांद्यावरून गोल पडले आणि कोपर खरचटण्यावर निभावलं. ज्या क्लासमध्ये पाडायला शिकवतात पण पडायला शिकवत नाहीत, तिथून मुलांना घेऊन या. आणि पन्नाशीनंतर सुरू करणार असाल तर आधी हाडांची घनता तपासून घ्या, सरांना तसं सांगा, फेकून घेण्याची घाई करू नका. कमी उंचीवरून, बसून, मऊ मॅटवर पडायला शिकलात तरी पुष्कळ झालं.

बॉक्सिंगबद्दल पालक विचारतात. मेरी कोमनं २०१२ मध्ये लंडनला पदक जिंकल्यापासून मुलींचा ओढा वाढला, आणि ते मला आवडतं. बॅगवर, पॅडवर ठोसे मारायला, पायांची हालचाल शिकायला लहान वयातही हरकत नाही. डोक्यावर ठोसे घेण्याची घाई मात्र नको. हेल्मेटनं कातडी फाटत नाही, पण आत मेंदू हलायचा तो हलतोच. लाठीकाठी आणि दांडपट्टाही विचारतात. तो आपला वारसा आहे, कोल्हापूरच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांनी तो जिवापाड जपला, आणि खांदे, मनगट, नजर यांना असा दुसरा व्यायाम नाही. मुलीला त्याची ओढ असेल तर जरूर पाठवा. फक्त स्टँडवर तिच्या हातात लाठी नसेल, हे तिलाही सांगा. क्राव मागा हे नाव हल्ली शहरांत फार दिसतं. १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हात ज्यूंवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांशी सामना करताना इमी लिख्टेनफेल्ड यांनी त्याचा पाया घातला. नाव तेच लावलेल्या दोन वर्गांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, तेव्हा तिथेही कडेला बसून बघायचं. चाकूवाल्याच्या हातून चाकू कसा काढून घ्यायचा हे अर्ध्या तासात शिकवणाऱ्यापेक्षा "चाकू दिसला की पळ" असं सांगणारा शिक्षक मला जास्त जाणकार वाटतो.

आणि कुस्ती! दादांच्या तरुणपणी तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही. त्याच सांगलीत २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. दादा त्या दिवशी फार बोलले नाहीत, पण रात्री मला धोबीपछाडचा हात नीट दाखवा म्हटल्यावर खुर्चीतून उठले. ज्युदोतला सेओईनागे आणि आपला धोबीपछाड सख्खे भाऊ शोभावेत इतके सारखे आहेत. तुमच्या गावात मुलींसाठी तालीम सुरू झाली असेल, तर पांढऱ्या ड्रेसच्या आणि रंगीत पट्ट्यांच्या मोहात तिला मागे टाकू नका.

माझं एक मत मात्र मला बदलावं लागलं. भाच्यानं हात धरून ओढल्यापासून मी म्हणत आले होते की दोन-चार दिवसांची शिबिरं म्हणजे फसवणूक. मग एक अभ्यास वाचनात आला. कॅनडात शार्लिन सेन यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींसोबत तो केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना फक्त माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना बारा तासांचा अभ्यासक्रम. वर्षभरात पत्रकांच्या गटातल्या ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला, अभ्यासक्रमाच्या गटातल्या ५.२ टक्के मुलींवर. फक्त बारा तास! पण त्या बारा तासांत काय होतं, ते महत्त्वाचं. ओळखीचा पुरुष, मित्र, वर्गातला मुलगा हळूहळू कसा दबाव आणतो ते ओळखणं. त्याला दुखवायला नको म्हणून आपण गप्प का बसतो, याबद्दल मोकळं बोलणं. मोठ्यानं, स्पष्ट नकार देण्याचा सराव. आणि त्याच्या जोडीला झटापटीतले काही साधे प्रतिकार.

आपल्या शिबिरांत हे जवळजवळ कुठेच नसतं. आपला हल्लेखोर नेहमी अंधाऱ्या गल्लीतला परका असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल मात्र दरवर्षी सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. त्याच्या डोळ्यांत बोटं घालायला कुठल्या मुलीचा हात उठेल? त्याच्यासाठी आधी आवाज उठावा लागतो, आणि आवाजालाही समोरून विरोध करणारं कुणीतरी लागतं. आता मी आमच्या क्लासमध्ये महिन्यातून एक शनिवार हेच करते. एक मुलगी नातेवाईक होते, लाडीगोडी लावते, रुसते, "एवढंही ऐकणार नाहीस का माझं?" म्हणते, आणि दुसरीनं "नाही" वर टिकून राहायचं. पहिल्या वेळी निम्म्या मुली तीन वाक्यांत विरघळतात. ज्यांनी त्याच आठवड्यात थोराड मुलांना पाठीवर घेऊन आपटलेलं असतं, त्याही.

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. तीन महिने म्हणजे बारा तासांच्या कितीतरी पट. तो वेळ मैदानावर रांगा लावून हवेत ठोसे मारण्यात जाऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. दोन मुलींना एकमेकींसमोर उभं करायला पैसे लागत नाहीत. गाद्या नसतील तर पकडी सोडवणं, ढकलाढकलीत तोल राखणं, ओरडणं आणि नकार देणं एवढं तर कुठल्याही मैदानात करता येतं.

कायद्याचे दोन शब्द प्रत्येक क्लासनं सांगायलाच हवेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही खासगी बचावाच्या हक्काची आहेत. स्वतःला आणि दुसऱ्यालाही वाचवायचा हक्क तुम्हाला आहे, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, ही मर्यादा कलम ३७ घालतं. सुटलात की पळा. पडलेल्याला लाथा घालत बसायला शिकवणारे सर तुमच्या मुलाला तुरुंगाच्या वाटेवर नेत आहेत.

त्या बाईंना मी यातलं जेवढं जमेल तेवढं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग ती दोन पत्रकं फेकून देऊ? मी म्हटलं, नको. दोन्हीकडे जा, तास पूर्ण होईपर्यंत कडेला बसा, आणि मुलीलाही बसवा. बसू देत नसतील तर तिथेच निर्णय झाला. सायकलनं दहा मिनिटांत पोचता येईल असा क्लास बघा. लांबचा चांगला क्लास परीक्षा आली की पहिला सुटतो. एका संध्याकाळी त्यांनी कराटेचा क्लास पाहिला, परवा फोनवर म्हणाल्या की दुसऱ्या क्लासमधली मुलं खरंच एकमेकांशी खेळतात, आणि सरांनी एका रडणाऱ्या मुलाला न ओरडता बाजूला नेऊन पाणी पाजलं. माझ्या अंदाजानं त्या तिथेच मुलीला घालतील, आणि तो तायक्वांदोचा क्लास आहे. तरी एकदा आमच्याकडचं बघायचंय म्हणाल्या. गुरुवारी सहाला लेकीला घेऊन येणार आहेत. फीचे पैसे आणू नका म्हणून सांगितलंय, आणि मुलीची नखं कापून आणा.